शिवरात्रीला नवसागर, पाडव्याला मासे: परड्यात अ‍ॅक्वापोनिक्स लावताना

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ज्यांना घरामागच्या परड्यात मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायची आहे, म्हणजेच अ‍ॅक्वापोनिक्स करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. इंटरनेटवर या विषयाची माहिती भरपूर आहे, पण ती बहुतेक दुसऱ्या हवामानाची. आपल्याकडे बेळगाव शहर साडेसातशे मीटर उंचीवर, पौषात पहाटे अंगात कापरं भरवणारी थंडी, एप्रिल-मेमध्ये वळवाबरोबर जाणारा करंट, आणि खानापूरच्या बाजूला आषाढात दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस. हे सगळं धरून पायऱ्या सांगते.

१. आधी या पाण्यात काय चालतं ते समजून घ्या

मासा जे खातो त्यातला बराचसा नायट्रोजन कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात येतो. अमोनिया माशालाच विषारी. भाजीच्या वाफ्यात भरलेल्या खडीवर वाढणारे नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही माशाला घातकच. मग नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला फारसं बाधत नाही आणि भाजीला तेच खत.

म्हणजे या कामात सांभाळायचे जीव तीन आहेत, मासा, भाजी आणि जिवाणू, आणि तिसरा डोळ्यांना दिसत नाही. त्याला प्राणवायू लागतो, अंधार लागतो, ऊब लागते आणि पाण्यात थोडा चुना लागतो. नवीन माणूस हौसेनं पहिल्याच दिवशी मासे आणून सोडतो. जिवाणू अजून जमलेले नसतात, अमोनिया साचत जातो आणि आठ-पंधरा दिवसांत मासे वर तरंगायला लागतात. एवढी एक गोष्ट टाळली तरी अर्धं काम झालं.

२. जागा आणि टाकी

सुरुवातीला सगळ्यात सोपी म्हणजे लोखंडी जाळीच्या चौकटीतली हजार लिटरची आयबीसी टाकी. वरचा साधारण ३० सेंटिमीटरचा भाग आडवा कापून उलटा केला की भाजीचा वाफा होतो आणि खाली सहाशे-साडेसहाशे लिटरची माशांची टाकी उरते. पंपानं टाकीतलं पाणी वर वाफ्यातल्या खडीत चढतं आणि खडीतून परत खाली टाकीत येतं. वाफ्याचं क्षेत्रफळ सुमारे १.२ चौरस मीटर. पुढचे सगळे आकडे याच मापाचे देते.

टाकी जुनी घेणार असाल तर आधी तिच्यात काय होतं ते विचारा. उद्यमबागच्या बाजूला भंगारात पिंप आणि टाक्या स्वस्त मिळतात, पण ओतकामाच्या आणि मशीनिंगच्या कारखान्यांत रेझिन, हार्डनर, कूलंट असल्या वस्तू येतात. प्लॅस्टिक हे शोषून घेतं आणि कितीही धुतलं तरी महिनोन् महिने पाण्यात सोडत राहतं. खाद्यतेल, सरबत, ग्लुकोज यांचीच टाकी घ्या. लेबल फाडलेलं असेल आणि विकणारा नीट सांगत नसेल तर घेऊ नका.

गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर वजन लक्षात घ्या. वाफ्यातली खडीच अर्ध्या टनाच्या आसपास जाते आणि पाणी वेगळं. जुन्या घराच्या स्लॅबवर हे चढवण्याआधी बांधकामातल्या जाणकाराला दाखवा. परड्यात जमिनीवर, सकाळचं ऊन येईल आणि दुपारी सावली होईल अशी जागा उत्तम. टाकीला बाहेरून काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळ्यानं उजेड अडतो, शेवाळ धरत नाही आणि पांढऱ्यानं पाणी तापत नाही. वर जाळी हवीच, नाहीतर खंड्या आणि मांजर दोघंही रोज हजेरी लावतात.

३. खडी: व्हिनेगर टाकून बघितल्याशिवाय भरू नका

१० ते २० मिलिमीटरची खडी लागते. आपल्या जिल्ह्यात दगड गावागणिक बदलतो. उत्तरेकडचा काळा दगड चांगला, तो पाण्यात काही सोडत नाही. खानापूर भागातला जांभा हलका आणि सच्छिद्र असतो, पण झिजून लाल माती होते आणि नळ्या तुंबतात. आणि मुडलगी तालुक्यात (आधीच्या गोकाक तालुक्यात) यादवाडच्या बाजूला चुनखडीचा पट्टा आहे. तसला दगड वाफ्यात गेला तर पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की क्षारी याचं माप, सात म्हणजे मधोमध) आठच्या खाली यायचंच नाव घेत नाही.

म्हणून खडीवाल्याकडून आधी मूठभर आणा, स्वच्छ धुऊन वाळवा आणि त्यावर पांढरं व्हिनेगर ओता. फेस आला, बुडबुडे निघाले तर ती खडी नको. चांगली खडी मिळाली की बादलीत घेऊन गढूळ पाणी जाईपर्यंत धुवा. कंटाळवाणं काम आहे, पण इथे आळस केला तर तो गाळ पुढे पंपात जातो.

लागणारं साहित्य

- टाकी, वाफा, धुतलेली खडी (सुमारे ३३० लिटर)
- ताशी हजार लिटर किंवा थोडा जास्त पाणी फेकणारा पंप आणि १५ मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद असा लावता येणारा टायमर
- बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप आणि दोन एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड)
- वाफ्यात उभा पाइप, तळाशी बारीक भोकं असलेला, आणि त्याभोवती मोठ्या पाइपची जाळी
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजायचं थेंबांचं किट (कागदी पट्ट्या नकोत, फार चुकतात)
- पाण्याचा थर्मामीटर
- ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा
- पाण्याजवळच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच)

शेवटच्या वस्तूवर पैसे वाचवू नका. ओल्या हातानं पंप काढायची वेळ येतेच.

वाफा भरला की आपोआप रिकामा करणारा बेल सायफन नावाचा प्रकार व्हिडिओत छान दिसतो. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका. टायमर आणि भोकांचा उभा पाइप एवढ्यावर वाफा भरतो आणि रिकामा होतो, आणि करंट गेला तरी पाणी आपोआप टाकीत परत येतं.

४. पाणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. टाकीत सोडण्याआधी ते वेगळ्या पिंपात एअर स्टोन लावून एक-दोन दिवस ठेवा. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, पीएच बऱ्याचदा चढा. पावसाचं पाणी याच्या उलट, अगदी मऊ. मला सगळ्यात चांगला अनुभव दोन्हींच्या मिश्रणाचा आहे: बोअरमधला क्षार पीएचला आधार देतो आणि पावसाचं पाणी त्याला फार वर जाऊ देत नाही.

जिवाणूंना पीएच सात ते आठ आवडतो, भाजीला सहाच्या आसपास, माशाला दोन्हींच्या मधे. सगळ्यांना चालेल असा आकडा ६.८ ते ७. पण नवीन टाकीत तो साडेसात असला तरी घाबरू नका. जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार खातात, त्यामुळे पीएच हळूहळू स्वतःच उतरतो. लिंबू किंवा व्हिनेगर टाकून तो घाईनं पाडायला जाऊ नका, दोन दिवसांत पुन्हा वर येतो आणि मधल्या मधे मासे हैराण होतात.

५. जिवाणू वाढवा: शिवरात्र ते पाडवा

कधी सुरू करायचं, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: महाशिवरात्रीला. आपल्याकडे तोवर थंडी ओसरलेली असते, पाणी वीस अंशांच्या वर राहायला लागतं आणि जिवाणू जोमानं वाढतात. शिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत एक चांद्रमास आणि वर एक-दोन दिवस मिळतात, आणि जिवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. डिसेंबरात सुरू केलं तर हेच काम दुप्पट लांबतं.

माशांशिवाय अमोनिया द्यायचा तो नवसागराचा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईसाठी मिळतो तोही तोच पदार्थ, पण त्यात धातूचा अंश आणि इतर भेसळ असू शकते, म्हणून प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातला शुद्ध घ्या. सहाशे लिटरला चार ते पाच ग्रॅम पुरतो, त्यातून अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास येतो. अंदाजानं चमचाभर टाकू नका. अमोनिया पाचच्या वर गेला तर जिवाणूंचीच वाढ अडते.

पंप टायमरवर आणि एअर पंप अखंड, दोन्ही दिवसरात्र चालू ठेवा आणि दिवसाआड मोजा. अमोनियाच्या नळीत पाणी पिवळं राहिलं तर शून्य, जितकं हिरवं तितका अमोनिया जास्त. पहिला आठवडा-दहा दिवस ते हिरवंच राहील, काहीच घडत नाही असं वाटेल. मग एक दिवस हिरवेपणा कमी होतो आणि नायट्राइटची नळी निळ्याची जांभळी व्हायला लागते. पहिले जिवाणू आले. आणखी दोन-तीन आठवड्यांत जांभळा रंग उतरतो आणि नायट्रेट दिसू लागतं. अमोनिया शून्याकडे आला की नवसागर पुन्हा थोडा द्या, नाहीतर जमलेले जिवाणू उपाशी पडतात.

नायट्रेटच्या किटात दोन बाटल्या असतात आणि दुसऱ्या बाटलीतला घटक तळाशी घट्ट बसतो. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर किट खोटं शून्य दाखवतं. कितीतरी जण इथे अडकतात आणि आपले जिवाणू मेले म्हणून सगळं पाणी बदलून टाकतात.

तयार झालं हे कसं ओळखायचं? संध्याकाळी अमोनिया दोनपर्यंत चढवा. दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर झालं. पाडवा आला म्हणून मासे सोडू नका, किट सांगेल तेव्हा सोडा. वाफ्यातली खडी हातात घेतली तर आता ती किंचित बुळबुळीत लागेल, तपकिरी पातळ थर असेल आणि वास पावसाच्या मातीचा येईल. तो थर म्हणजेच तुमचे जिवाणू. खडी पुन्हा कधीही नळाच्या पाण्यानं धुऊ नका.

ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातली बादलीभर ओली खडी मागून आणा आणि आपल्या वाफ्यात मिसळा. विरजण लावल्यासारखं काम होतं, महिन्याचं पंधरा दिवसांवर येतं.

६. मासे कोणते

आपल्या हवामानात पहिल्या वर्षी गोल्डफिश, कोई किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प). तिन्ही थंडी सोसतात आणि थोडीफार चूक पोटात घालतात. पंगस थंडीत मान टाकतो. तिलापियाला आपल्या देशात सरकारी परवानगी लागते. थाई मांगूर तर बंदीचा मासा आहे, कुणी कितीही स्वस्त देऊ केला तरी घेऊ नका. आणि टाकीतला कुठलाही मासा मार्कंडेय नदीत किंवा ओढ्यात सोडायचा नाही.

सहाशे लिटरला पंधरा-वीस पिल्लं पुरे. ती मोठी झाली की मिळून तीन-चार किलो होतील आणि एवढ्यातच वाफा पूर्ण पोसला जातो. पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवा, थोडं थोडं टाकीचं पाणी आत घाला आणि मग सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

७. खाद्य काट्यावर मोजा

माझ्या मते सगळा तोल याच पायरीवर आहे. मासे किती, भाजी किती, जिवाणू किती, हे सगळं रोज किती ग्रॅम खाद्य पाण्यात पडतं यावर ठरतं. पालेभाजीच्या एका चौरस मीटर वाफ्याला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागतं, टोमॅटो-वांग्यासारख्या फळभाजीला ५० ते ८०. आपल्या १.२ चौरस मीटरला म्हणजे पालेभाजीसाठी रोज ५० ते ६० ग्रॅम.

आता दुसरी बाजू बघा. तुम्ही आणलेली वीस पिल्लं दहा-दहा ग्रॅमची असली तर सगळी मिळून दोनशे ग्रॅम. लहान मासा वजनाच्या चारेक टक्के खातो, म्हणजे रोज फक्त आठ ग्रॅम खाद्य. आठ ग्रॅमवर वाफ्याचा जेमतेम सहावा भाग पोसला जातो. बहुतेकांची भाजी पहिल्या दोन महिन्यांत पिवळी पडते त्याचं कारण हेच: मासे बोटाएवढे आणि वाफा मात्र काठोकाठ लावलेला. मग भाजीसाठी म्हणून खाद्य वाढवतात, ते मासे खात नाहीत, तळाशी कुजतं आणि अमोनिया चढतो.

म्हणून वाफ्याचा एक कोपराच आधी लावा. मासे वाढतील तसं दर पंधरवड्याला खाद्य थोडं वाढवा आणि भाजीची एक-एक ओळ पुढे सरकवा. मोठा झालेला मासा वजनाच्या दीड-दोन टक्केच खातो, त्यामुळे तीन-साडेतीन किलो माशांवर ५०-६० ग्रॅमचा हिशेब बरोबर जुळतो.

खाद्य सकाळ-संध्याकाळ, दहा मिनिटांत संपेल एवढंच. उरलं तर जाळीनं काढा आणि पुढच्या वेळी कमी करा. शंका आली की खाद्य बंद. दोन-तीन दिवस उपाशी राहून मासा मरत नाही, जास्त खाद्यानं मात्र मरतो. घरी पाहुणे आले की मुलं चुरमुरे, चपातीचे तुकडे टाकतात. त्यांच्या हातात मोजलेलं खाद्य द्या, त्यांचीही हौस होते.

८. भाजी

पालक, लाल माठ, पुदिना, तुळस, आळू, कोथिंबीर यांनी सुरुवात करा. कोथिंबीर उन्हाळ्यात लगेच फुलावर येते, ती पावसाळ्यानंतरच. आळू या पाण्यावर पसरतं, वडीसाठी पानं कमी पडत नाहीत. पुदिना मात्र कुंडीत अडवून ठेवा, त्याची मुळं उभ्या पाइपात शिरतात. मुळा-गाजराच्या फंदात पडू नका.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. माशांच्या खाद्यातून ते पुरेसं मिळत नाही. डीटीपीए प्रकारचं चिलेटेड लोह (पाण्यात विरघळून राहणारं) लिटरला दोन मिलिग्रॅम या हिशेबानं, म्हणजे सहाशे लिटरला १.२ ग्रॅम शुद्ध लोह, दोन-तीन आठवड्यांनी. पुडीवर लोहाचं प्रमाण सहा टक्के, अकरा टक्के असं छापलेलं असतं, ते बघून वजन काढा. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पोटॅश कमी. पोटॅशियम बायकार्बोनेट थोडं थोडं दिलं की पोटॅशही मिळतं आणि पीएचही सावरतो.

९. आकडे बिघडले तर

मासे सोडल्यावर पहिले पंधरा दिवस रोज मोजा, नंतर आठवड्याला. अमोनिया आणि नायट्राइट लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली, नायट्रेट दहा ते शंभर मिलिग्रॅममध्ये हवं.

अमोनिया एकच्या वर गेला: खाद्य बंद, एक तृतीयांश पाणी बदला, हवा वाढवा, मेलेला मासा कोपऱ्यात अडकला आहे का बघा. पीएच आठवर असेल तर जास्त घाई करा, कारण तोच अमोनिया सातच्या तुलनेत जवळपास दहापट विषारी रूपात असतो.

नायट्राइट चढलं: मासे सुस्त होतात, कल्ले तपकिरी दिसतात. लिटरला एक ग्रॅम खडेमीठ पाण्यात विरघळवून घाला. क्लोराइडमुळे नायट्राइट रक्तात शिरत नाही. हे एकदाच, दर आठवड्याला नव्हे, मीठ साचून भाजी जळते.

नायट्रेट शंभरच्या वर: भाजी कमी आहे, ओळ वाढवा. शून्याजवळ: भाजी जास्त आहे.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर प्राणवायू कमी आहे. उंचीमुळे आपल्या पाण्यात समुद्रकाठच्यापेक्षा तो मुळात थोडा कमीच मावतो आणि उन्हाळ्यात आणखी घटतो. वळवाच्या रात्री करंट गेल्यावर बॅटरीचा एअर पंप नसेल तर सकाळपर्यंत टाकीतले मासे संपतात. जिवाणूंनाही तोच प्राणवायू लागतो. वाफ्यातून सडक्या अंड्याचा वास आला तर आत कुठेतरी पाणी साचून कुजतंय, तेवढा भाग हलवून मोकळा करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस थांबा.

१०. पावसाळा आणि थंडी

वाफ्यावर पारदर्शक पत्रा घाला. उघड्यावर राहिलं तर पावसाचं मऊ पाणी टाकीतला क्षार धुऊन नेतं आणि पीएच एकदम सहाच्या खाली येतो. जिवाणू थबकतात. आषाढ-श्रावणात तीन दिवसांनी पीएच बघा. उपाय घरातच आहे: गोव्याकडून आलेल्या तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) कालवण झाल्यावरची शिंपलं धुऊन, उन्हात वाळवून, कुटून कापडाच्या पुरचुंडीत बांधा आणि पाणी पडतं तिथे टांगा. ढगाळ दिवसांत भाजी मंदावते, खाद्यही त्या प्रमाणात कमी करा.

थंडीत पाणी १८ अंशांखाली गेलं की खाद्य निम्मं, आणि तेही दुपारी. बारा-तेराला आलं तर बंदच. रात्री टाकीवर गोणपाट टाका.

११. फवारणी

निपाणी-चिकोडी भागात माव्यावर तंबाखूचा काढा मारायची पद्धत आहे. इथे तो अजिबात चालणार नाही, निकोटीननं मासे जातात. कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी, मोरचूद, द्राक्षबागेतलं बोर्डो मिश्रण, सगळंच वर्ज्य. शेजारच्या शेतात फवारणी असेल त्या दिवशी टाकी झाका. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, अळीला बीटी जिवाणूची भुकटी. ती माशांना बाधत नाही. मासा आजारी पडला तर औषध वेगळ्या टबात, टाकीत नाही. माशांची बरीच औषधं खडीवरचे जिवाणूही मारतात.

१२. कागदपत्रं

घरच्यापुरत्या टाकीसाठी मला कुठला कागद करावा लागला नाही. पुढे विक्रीसाठी मोठं करायचं असेल तर २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठरवलेलं होतं. सध्या अर्ज सुरू आहेत का, हे मत्स्य खात्याच्या कार्यालयात विचारा. जाताना आधार, बँकेचं पासबुक, जागेचा उतारा किंवा घरपट्टीची पावती, फोटो आणि लागू असेल तर जातीचा दाखला, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. अर्ज कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या आणि उताऱ्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते घरूनच बघून निघा. खर्च करून झाल्यावर अर्ज करू नका, आधी मंजुरी घ्या आणि मगच टाकी विकत आणा.